संलग्नित विद्यापीठातील माहिती तंत्रज्ञान सेवांची रचना आणि उत्तरदायित्व : खान्देशाच्या संदर्भात

गोषवारा

विद्यापीठातील माहिती तंत्रज्ञान हा विषय सामान्यतः यंत्रसामग्री, जोडणीचा वेग आणि संगणक प्रणाली यांच्या अंगाने चर्चिला जातो. प्रस्तुत लेखात तो सेवांची रचना आणि उत्तरदायित्व या अंगाने मांडला आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठासारख्या संलग्नित विद्यापीठात माहितीचा उगम महाविद्यालयाच्या कार्यालयात होतो, प्रक्रिया विद्यापीठात होते आणि प्रणाली बऱ्याचदा तिसऱ्याच संस्थेने घडविलेली असते. या तिन्ही ठिकाणांमध्ये जबाबदारीची वाटणी स्पष्ट नसेल तर उत्तम प्रणालीही विद्यार्थ्याच्या उपयोगी पडत नाही, आणि ही वाटणी करताना महाविद्यालयाला सेवेचा भागीदार मानणे आवश्यक आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : संलग्नित विद्यापीठ, माहिती तंत्रज्ञान सेवा, उत्तरदायित्व, विद्यार्थी नोंद, खान्देश

१. प्रास्ताविक

महाविद्यालयीन प्राध्यापकांचा विद्यापीठाच्या माहिती तंत्रज्ञान सेवांशी रोजचा संबंध येतो. परीक्षा अर्जांना मान्यता देणे, अंतर्गत गुण भरणे, प्रश्नपत्रिका डाउनलोड करणे, संशोधन नियतकालिके वाचणे, पदोन्नतीसाठी माहिती सादर करणे ही सर्व कामे आता संगणकाच्या पडद्यावरून होतात. काम अडले की आपण ‘सर्व्हर डाउन आहे’ असे म्हणतो आणि थांबतो. या तीन शब्दांत अडचणीचे नाव कळते. परंतु ती कोणी सोडवायची, किती वेळात सोडवायची आणि न सोडविल्यास कोणाला विचारायचे, हे त्यातून कळत नाही. हे तीन प्रश्न तंत्रज्ञानाचे नसून संघटनेचे आहेत. म्हणून विद्यापीठ आपल्या माहिती तंत्रज्ञान सेवांची रचना कशी करते, हे अध्यापकवर्गाने समजून घेणे अगत्याचे ठरते.

निवासी विद्यापीठ आणि संलग्नित विद्यापीठ यांच्या गरजा वेगळ्या असतात. निवासी विद्यापीठात विद्यार्थी, शिक्षक, ग्रंथालय आणि परीक्षा विभाग एकाच आवारात असतात. संलग्नित विद्यापीठात बहुसंख्य विद्यार्थी विद्यापीठाच्या आवारात पदवीदानापूर्वी कधी पाऊलही ठेवत नाहीत. त्यांच्या दृष्टीने विद्यापीठ म्हणजे महाविद्यालयातील लिपिकाची खिडकी आणि मोबाइलवरील एक संकेतस्थळ. निवासी विद्यापीठासाठी आखलेली रचना अशा ठिकाणी जशीच्या तशी लागू पडत नाही.

२. खान्देशातील पार्श्वभूमी

पुणे विद्यापीठापासून वेगळे होऊन १५ ऑगस्ट १९९० रोजी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना जळगाव येथे झाली. त्या वेळी कार्यक्षेत्रात जळगाव व धुळे हे दोन जिल्हे होते. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला आणि कार्यक्षेत्र तेच राहून जिल्हे तीन झाले. २०१८ मध्ये विद्यापीठास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. गिरणेच्या काठी सुमारे ६५० एकरांच्या परिसरात विद्यापीठ वसले आहे.

या भूगोलाचा सेवांच्या रचनेशी थेट संबंध आहे. पूर्वेकडील रावेरपासून पश्चिमेकडील अक्कलकुव्यापर्यंतचे अंतर दोनशे किलोमीटरांहून अधिक आहे. भुसावळ–सुरत लोहमार्ग जळगाव, अमळनेर व नंदुरबार यांना जोडतो. धुळे शहर मात्र त्या मार्गावर नाही, ते चाळीसगावहून येणाऱ्या शाखेवर आहे. सातपुड्यातील धडगावच्या विद्यार्थ्याला एका नोंदीच्या दुरुस्तीसाठी जळगावला यावे लागले, तर त्याचे किमान दोन दिवस आणि पालकाची तेवढीच मजुरी खर्ची पडते. माहिती तंत्रज्ञान सेवेचे खरे मोल येथे कळते. जळगाव शहरातील विद्यार्थ्यासाठी ती सोय आहे; धडगावच्या विद्यार्थ्यासाठी तिच्या अभावी वर्ष वाया जाऊ शकते.

३. सेवांचे पाच गट

विवेचनाच्या सोयीसाठी विद्यापीठाच्या माहिती तंत्रज्ञान सेवांचे पाच गट पाडता येतात.

पहिला गट जोडणीचा. विद्यापीठांना परस्परांशी व जगाशी जोडण्याचे काम देशात टप्प्याटप्प्याने झाले. १९८६ मध्ये ‘अर्नेट’ प्रकल्प सुरू झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने सुवर्णमहोत्सवाच्या समारोपाच्या सुमारास ‘यूजीसी-इन्फोनेट’ हा उपक्रम हाती घेतला. २००९ मध्ये माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले आणि २०१० मध्ये राष्ट्रीय ज्ञान जाळ्यास केंद्राची मंजुरी मिळाली. त्यातून विद्यापीठांना १ गिगाबिट प्रतिसेकंद क्षमतेच्या जोडण्या देण्याचे धोरण आखले गेले. महाविद्यालयांच्या वाट्याला त्यामानाने बऱ्याच कमी क्षमतेच्या जोडण्या आल्या. जोडणीतील ही दरी पुढील प्रत्येक सेवेत उमटते.

दुसरा गट विद्यार्थ्याच्या नोंदींचा. प्रवेश, पात्रता, नोंदणी क्रमांक, शिष्यवृत्ती, स्थलांतर आणि पदवी प्रमाणपत्र या साखळीतील प्रत्येक कडी आधीच्या कडीवर अवलंबून असते. तिसरा गट परीक्षेचा : अर्ज, प्रवेशपत्र, प्रश्नपत्रिका, मूल्यमापन आणि निकाल. महाराष्ट्रातील विद्यापीठविषयक कायद्यानुसार परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत निकाल जाहीर करणे अपेक्षित आहे. ही मुदत सांभाळण्याचा सर्वाधिक भार याच गटावर पडतो. चौथा गट ग्रंथालय व संशोधन साधनांचा, तर पाचवा वित्त, आस्थापना व पत्रव्यवहार या कार्यालयीन सेवांचा.

प्रत्येक गटाची गती वेगळी असते. ग्रंथालयाची सेवा अर्धा दिवस बंद पडली तर गैरसोय होते. प्रश्नपत्रिका पोहोचविणारी सेवा परीक्षेच्या सकाळी अर्धा तास बंद पडली तर तिन्ही जिल्ह्यांतील परीक्षा केंद्रे अडतात. सर्व सेवांना एकच नियम, एकच मनुष्यबळ आणि एकच प्राधान्य देणारी रचना म्हणूनच अपुरी ठरते.

४. रचनेचे प्रकार

जगभरातील विद्यापीठांत या सेवांच्या रचनेचे स्थूलमानाने चार प्रकार आढळतात.

केंद्रीय रचनेत एक संगणक केंद्र सर्व विभागांना सेवा देते. खर्च वाचतो, सुरक्षेवर नियंत्रण राहते. परंतु विभागांच्या विशेष गरजांना विलंब होतो. विभागीय रचनेत परीक्षा, ग्रंथालय, वित्त आणि शैक्षणिक विभाग आपापली व्यवस्था उभारतात. काम झटपट होते. मात्र एकाच विद्यार्थ्याची नोंद चार ठिकाणी चार प्रकारे राहते. संयुक्त रचनेत जाळे, ओळख-पडताळणी व सुरक्षा या समाईक बाबी केंद्राकडे, तर विषयविशिष्ट प्रणाली विभागांकडे असतात. चौथ्या प्रकारात प्रणाली बाह्यसंस्थेकडून घेतली जाते.

या रचना कायमच्या नसतात. केंब्रिज विद्यापीठात शैक्षणिक संगणन सेवा आणि प्रशासकीय माहिती सेवा या दीर्घकाळ स्वतंत्र होत्या. २०१४ मध्ये त्या एकत्र करून एकच माहिती सेवा विभाग स्थापण्यात आला. संगणनाचा इतका जुना वारसा असलेल्या विद्यापीठालाही ही विभागणी मोडावी लागली, याचे कारण उघड आहे. विद्यार्थ्याच्या दृष्टीने ‘शैक्षणिक’ आणि ‘प्रशासकीय’ असा भेद नसतोच. त्याला एकच विद्यापीठ दिसते.

आपल्याकडील संलग्नित विद्यापीठांत बहुधा या चारही प्रकारांचे मिश्रण आढळते. मिश्रण हा दोष नव्हे. परंतु ते विचारपूर्वक घडलेले आहे की त्या त्या वेळच्या निकडीतून साचत गेलेले आहे, हे पाहिले पाहिजे.

५. बाह्यसंस्था आणि जबाबदारी

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात महाराष्ट्रातील अनेक विद्यापीठांनी महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या ‘डिजिटल युनिव्हर्सिटी’ प्रणालीचा स्वीकार केला. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ त्यांपैकी एक. २००१ मध्ये स्थापन झालेल्या या महामंडळात राज्य शासनाबरोबर विद्यापीठेही भागधारक आहेत. या प्रणालीमुळे पीआरएन म्हणून परिचित असलेला सोळा आकडी कायम नोंदणी क्रमांक रूढ झाला. बैठक क्रमांक परीक्षेगणिक बदलतो, कायम नोंदणी क्रमांक बदलत नाही. विद्यार्थ्याची सर्व माहिती एका धाग्यात ओवण्याची सोय त्यामुळे प्रथमच निर्माण झाली.

अलीकडे दिल्ली विद्यापीठात राष्ट्रीय अभियानांतर्गत विकसित झालेल्या ‘समर्थ’ प्रणालीकडे वळण्याची प्रक्रिया महाराष्ट्रातील विद्यापीठांतही सुरू झाली आहे. तिच्यामागे शासकीय पाठबळ आहे आणि प्रत्येक विद्यापीठाने स्वतंत्र प्रणाली विकत घेण्याची आवश्यकता त्यामुळे कमी होते. तथापि प्रणाली बदलली तरी मूळ प्रश्न तसाच राहतो : चूक झाल्यास उत्तर कोणी द्यायचे?

मुंबई विद्यापीठातील २०१७ चा अनुभव या संदर्भात सर्वांना स्मरत असेल. उन्हाळी सत्रातील उत्तरपत्रिकांचे संगणकाच्या पडद्यावर मूल्यमापन करण्याचा निर्णय घेण्यात आला. उत्तरपत्रिकांची संख्या लाखोंच्या घरात होती आणि नव्या पद्धतीची तयारी परीक्षेच्या हंगामातच चालू होती. कुलपतींनी ३१ जुलैची मुदत देऊनही सर्व निकाल वेळेत लागू शकले नाहीत; उच्च शिक्षणासाठी बाहेर जाणाऱ्या विद्यार्थ्यांची अडचण झाली आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. पडद्यावरील मूल्यमापनाची पद्धत मुळातच सदोष होती, असा निष्कर्ष यातून काढणे योग्य होणार नाही. यातून दोन गोष्टी मात्र स्पष्ट होतात. काम बाह्यसंस्थेकडे सोपविता येते, उत्तरदायित्व सोपविता येत नाही. तसेच ज्या शिक्षकांच्या हातून सेवा पूर्ण व्हायची, त्यांना पुरेशी पूर्वतयारी न देता सेवा बदलता येत नाही.

६. २०१६ च्या अधिनियमातील तरतूद

१९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियमात माहिती तंत्रज्ञानासाठी स्वतंत्र प्राधिकरण नव्हते. संगणक केंद्र हे प्रशासनाचा एक विभाग म्हणून चालत असे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून अमलात आला आणि त्याने विद्यापीठाच्या प्राधिकरणांच्या यादीत माहिती तंत्रज्ञान मंडळाचा समावेश केला. अभ्यास मंडळ किंवा परीक्षा व मूल्यमापन मंडळ जसे वैधानिक, तसेच आता हे मंडळही वैधानिक आहे.

हा बदल केवळ नावाचा नाही. संगणक केंद्र विभागप्रमुखांच्या मागणीनुसार काम करते. मंडळाकडून मात्र शैक्षणिक, वित्तीय व प्रशासकीय अशा तिन्ही अंगांचा एकत्रित विचार अपेक्षित असतो. कोणती प्रणाली घ्यावी, याच्या आधी कोणती माहिती कोणाच्या ताब्यात असावी, हा प्रश्न विचारण्याचे अधिकृत व्यासपीठ त्यामुळे उपलब्ध झाले आहे. त्या व्यासपीठावर संलग्नित महाविद्यालयांच्या अडचणी कितपत पोहोचतात, यावर त्याची उपयुक्तता ठरेल.

७. एका नोंदीचा प्रवास

हा मुद्दा एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. नंदुरबार जिल्ह्यात ‘वळवी’ हे आडनाव सर्वपरिचित आहे. रोमन लिपीत त्याचे पहिले अक्षर ‘व्ही’ लिहावे की ‘डब्ल्यू’, याचा एकच नियम नाही. समजा, एका विद्यार्थ्याच्या बारावीच्या गुणपत्रिकेवर एक रूप आहे आणि आधार पत्रावर दुसरे. गुणपत्रिकेवर आडनाव आधी आहे, आधार पत्रावर स्वतःचे नाव आधी. महाविद्यालयातील लिपिक गुणपत्रिका पाहून प्रवेश अर्ज भरतो. विद्यापीठाचा पात्रता विभाग तीच नोंद कायम करतो. त्यानंतर ती परीक्षा अर्जात, प्रवेशपत्रात आणि गुणपत्रिकेत उतरते.

पूर्वी या तफावतीने फारसे बिघडत नसे, कारण दोन्ही कागद पाहणारा माणूस एकच निष्कर्ष काढत असे. आता दोन्ही नोंदी यंत्र पडताळते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या जुलै २०२१ च्या विनियमांनी शैक्षणिक श्रेयांक पेढी अस्तित्वात आली. पदवी अभ्यासक्रमांत राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी सुरू झाल्यावर प्रत्येक विद्यार्थ्याचे श्रेयांक या पेढीत जमा होणे आवश्यक ठरले. पेढीतील खाते आधारशी निगडित, तर गुणांची नोंद विद्यापीठाची. दोन नावे जुळली नाहीत, तर विद्यार्थ्याने मिळविलेले श्रेयांक त्याच्या खात्यात दिसत नाहीत. राज्याच्या महाडीबीटी संकेतस्थळावरील शिष्यवृत्तीही आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते. एका अक्षराची किंमत अशा रीतीने एका वर्षाच्या शिष्यवृत्तीएवढी होऊ शकते.

दुरुस्ती कोण करणार? महाविद्यालयाने अर्ज पुढे पाठविल्यावर लिपिकाला ती नोंद बदलता येत नाही. पात्रता विभागाला नाव बदलता येते, परंतु छापलेली गुणपत्रिका बदलण्याचे काम परीक्षा विभागाचे. परीक्षा विभाग संगणक कक्षाकडे बोट दाखवितो, संगणक कक्ष प्रणाली पुरविणाऱ्या संस्थेकडे. ‘आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना’ अशी महाविद्यालयाची अवस्था होते : दुरुस्तीचा अधिकार नाही आणि विद्यार्थी मात्र समोर उभा आहे.

येथे कोणाही एका व्यक्तीचा हलगर्जीपणा नाही. प्रत्येकाने आपले काम चोख केले असतानाही हे घडते. दोष आहे तो रचनेचा. प्रत्येक नोंदीला एकच धनी असावा, हे माहिती व्यवस्थापनाचे मूलतत्त्व येथे पाळले गेलेले नसते. नाव, जन्मतारीख, प्रवर्ग, विषय, अंतर्गत गुण, बाह्य गुण यांपैकी प्रत्येकाची मूळ नोंद कोणाकडे, दुरुस्तीचा अधिकार कोणाला आणि किती दिवसांत, याचा एक पानी तक्ता प्रत्येक महाविद्यालयाच्या सूचना फलकावर लावता आला पाहिजे. तसा तक्ता तयार करताना जेथे पेन अडखळेल, तेथेच रचना सदोष आहे असे समजावे.

८. घटना आणि समस्या

सेवा व्यवस्थापनाच्या शास्त्रात ‘घटना’ आणि ‘समस्या’ असा भेद केला जातो. १९८० च्या दशकात ब्रिटिश शासनाच्या संगणक विषयक संस्थेने विकसित केलेल्या ‘आयटिल’ या कार्यपद्धतीने तो रूढ केला. एका विद्यार्थ्याचे प्रवेशपत्र निघाले नाही, ही घटना; तिचे निराकरण त्वरित व्हावयास हवे. प्रत्येक सत्रात ठरावीक विषयगटाच्या विद्यार्थ्यांची प्रवेशपत्रे निघत नाहीत, ही समस्या. तिचे कारण शोधून ते दूर करावयास हवे.

आपल्याकडे घटना सुटतात, समस्या राहतात. याचे कारण घटनांची नोंद होत नाही. तक्रार दूरध्वनीवर सांगितली जाते, ओळखीच्या कर्मचाऱ्याच्या चांगुलपणावर ती सुटते आणि पुढील सत्रात पुन्हा उभी राहते. ज्या महाविद्यालयाची विद्यापीठात ओळख नाही, त्याची घटनाही सुटत नाही. प्रत्येक तक्रारीस क्रमांक देणारा मदत कक्ष ही म्हणूनच समन्यायाची बाब आहे. जळगावातील मोठ्या महाविद्यालयास आणि दुर्गम भागातील लहान महाविद्यालयास त्यामुळे एकाच रांगेत उभे राहता येते. वर्षाअखेरीस या क्रमांकांची छाननी केली, तर पुढील वर्षी कोणती समस्या आधी सोडवावी हे मंडळाला आयतेच कळेल.

९. माहितीची सुरक्षा

आधार क्रमांक, जातीचे प्रमाणपत्र, बँक खाते, दिव्यांगत्वाची नोंद अशी अत्यंत खासगी माहिती महाविद्यालयांच्या संगणकांत साठलेली असते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांतील बंधने टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. सायबर सुरक्षेची राष्ट्रीय यंत्रणा असलेल्या सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर सुरक्षाभंगाची माहिती लक्षात आल्यापासून सहा तासांत कळविणे बंधनकारक आहे.

महाविद्यालयाच्या कार्यालयात एकच लॉगिन चार जणांनी वापरणे आणि त्याचा पासवर्ड संगणकाच्या कडेला चिकटविणे ही दृश्ये अपरिचित नाहीत. यामागे बेपर्वाईपेक्षा अडचणच अधिक असते : महाविद्यालयाला एकच लॉगिन दिलेले असते आणि अर्ज शेकड्यांनी असतात. प्रत्येक कर्मचाऱ्यास त्याच्या कामापुरते स्वतंत्र लॉगिन दिल्यास कोणती नोंद कोणी व केव्हा बदलली हे कळते. चूक शोधण्याइतकाच निर्दोष कर्मचाऱ्याच्या संरक्षणासाठीही हा उपाय महत्त्वाचा आहे.

१०. समाईक सेवेचा एक यशस्वी नमुना

महाविद्यालयापर्यंत सेवा पोहोचविता येते, याचे उदाहरण ग्रंथालय क्षेत्रात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राने ‘एन-लिस्ट’ उपक्रमाद्वारे महाविद्यालयीन शिक्षक व विद्यार्थ्यांना ई-पुस्तके व ई-नियतकालिके अल्प वार्षिक शुल्कात उपलब्ध करून दिली. त्यात प्रत्येक वाचकाची ओळख महाविद्यालय प्रमाणित करते, साधने केंद्र पुरविते. कोणी काय करायचे याविषयी संदिग्धता नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने मंजूर केलेल्या ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ योजनेचे समन्वयनही इन्फ्लिबनेटकडेच आहे. केंद्र व राज्य शासनांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्थांसाठी २०२५ ते २०२७ या तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपयांची तरतूद तीत करण्यात आली. ग्रंथालय सेवेत जे साधले, ते विद्यार्थी नोंदींच्या सेवेत साधण्यास तत्त्वतः अडचण नाही.

११. समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील मुद्दे निष्पन्न होतात. पहिला, संलग्नित विद्यापीठात महाविद्यालयाचे कार्यालय हे माहितीचे उगमस्थान आहे. म्हणून माहिती तंत्रज्ञान मंडळाच्या विचारविनिमयात प्राचार्यांबरोबरच प्रत्यक्ष नोंदी करणाऱ्या कर्मचाऱ्यांचा अनुभव समाविष्ट व्हावा. दुसरा, प्रत्येक नोंदीचा धनी, दुरुस्तीचा अधिकारी आणि मुदत लेखी जाहीर असावी. तिसरा, किरकोळ दुरुस्त्यांचे अधिकार ठरावीक मुदतीपर्यंत महाविद्यालयाकडे असावेत आणि त्यापुढील दुरुस्त्यांसाठी धुळे व नंदुरबार येथेच सोय असावी. चौथा, तक्रारींना क्रमांक मिळावा आणि त्यांचा वार्षिक आढावा प्रसिद्ध व्हावा. पाचवा, नवी प्रणाली परीक्षेच्या हंगामात लागू करू नये.

यांपैकी एकाही सूचनेसाठी मोठ्या यंत्रसामग्रीची आवश्यकता नाही. आवश्यकता आहे ती जबाबदारीच्या स्पष्ट वाटणीची. अध्यापकवर्गाचीही यात भूमिका आहे. प्रवेशाच्या आठवड्यात आपापल्या वर्गातील विद्यार्थ्यांची गुणपत्रिका व आधार पत्र यांवरील नावे ताडून पाहण्यास एका प्राध्यापकास फार तर दोन तास लागतील. तीच तफावत तिसऱ्या वर्षी उघडकीस आली, तर विद्यार्थ्याला तिच्या दुरुस्तीसाठी किती खेटे घालावे लागतात, हे महाविद्यालयात काम करणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे.